निरंक दिवस

“काल किती?”

सन २०८४मध्ये सकाळी कुणी कुणाला भेटलं की पहिला प्रश्न हाच असायचा. रामराम-नमस्कार त्यानंतर. उत्तर एका आकड्यात यायचं. “एकतीस.” “सत्तावीस, पण पाहुणे आले होते म्हणून.” कुणी “त्रेपन्न!” म्हटलं की समोरचा कौतुकानं बघायचा आणि मनातल्या मनात म्हणायचा, थापा मारतोय लेकाचा.

हा आकडा असायचा ठशांचा. माणूस दिवसभर हजारो गोष्टी बघतो, ऐकतो, हुंगतो. मेंदू त्या सगळ्या ठेवत नाही. ठेवायला लागला तर महिन्याभरात आपण वेडे होऊ. झोपेत तो दिवसभराचा माल चाळतो. बराचसा टाकून देतो आणि जे ठेवायचं ते पुन्हा एकदा मनातल्या मनात घडवून पक्कं करतो. एकेक आठवण अशी पक्की होताना मेंदूत विजेची बारीकशी लहर उठते. तिलाच ठसा म्हणायचे. कानामागे डकवलेला, ज्वारीच्या दाण्याएवढा स्मृतिमणी ती लहर टिपायचा. आठवण कसली आहे हे मण्याला कळायचं नाही. माणूस कोण आणि ठसा कुठल्या दिवसाचा, एवढंच तो लिहून पाठवायचा. सकाळी फोनवर आकडा तयार. एखाद्या सकाळी मण्याकडून काही आलंच नाही, तर फोन आपला आदला आकडा दाखवत राहायचा, आणि लोक म्हणायचे, आज पुन्हा तेवढेच का? असो.

राज्यातल्या सगळ्या मण्यांच्या नोंदी नागपूरच्या मध्यवर्ती ठसागणना केंद्रात जमा व्हायच्या. रोज साडेतीनशे कोटींच्या आसपास. त्या मोजणारा प्रश्न लिहिला होता केंद्राचे मुख्य गणनाधिकारी डॉ. यशोधन गुप्ते यांनी. वय एक्केचाळीस, चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. स्वतःची सरासरी चव्वेचाळीस असल्याचं ते ओळख करून देतानाच सांगून टाकायचे.

प्रश्न म्हणजे काय? संगणकातल्या नोंदींना काही विचारायचं तर ते एका ठरलेल्या भाषेत विचारावं लागतं. तिचं नाव एसक्यूएल. शंभर वर्षांहून जुनी, पण तिला निवृत्त करण्याची कुणाची छाती झाली नव्हती. यशोधनचा प्रश्न मराठीत सांगायचा तर एवढाच: या माणसाच्या नोंदी काढ, दिवसानुसार त्यांचे गट पाड, प्रत्येक गटात किती ते मोज, आणि आलेल्या आकड्यांची सरासरी दे. सरासरी विसाच्या वर, तर माणूस ठीक. विसाच्या खाली, तर चाळणविकार.

चाळणविकारात मेंदूची चाळण बिघडते आणि तो ठेवायच्या गोष्टीही टाकून देतो. त्यावर औषध होतं. सेतुद्रव्य. एकच इंजेक्शन, ते पेशींमधले तुटत चाललेले पूल पुन्हा बांधायचं. पण त्याला दोन अटी होत्या. आजार सुरू झाल्यापासून पाचशे दिवसांच्या आत ते द्यावं लागायचं, नंतर उपयोग शून्य. आणि निरोगी माणसाला ते चुकूनही द्यायचं नाही. धडधाकट मेंदूत जास्तीचे पूल उभे राहिले की जुन्या आठवणी एकमेकींत मिसळतात. अशा एका माणसाला स्वतःच्या लग्नात शेजाऱ्याची बायको आठवायला लागली होती. तेव्हापासून केंद्राच्या दाखल्याशिवाय इंजेक्शन बंद.

त्या शनिवारी सकाळी दहा वाजता कौसल्याबाई पेंदाम तिसऱ्यांदा केंद्रात आल्या त्या याच दाखल्यासाठी. सत्तरीच्या आतबाहेरच्या, चंद्रपूर जिल्ह्यातल्या निवृत्त आरोग्यसेविका. खांद्याला कापडी पिशवी. दोनदा खिडकीवरून परत पाठवलेल्या बाईनं या वेळी खिडकी टाळली आणि थेट यशोधनच्या खोलीचं दार उघडलं.

“साहेब, माह्या नवऱ्याले चाळणविकार हाय. अन् तुमचं मशीन म्हणते, नाई.”

यशोधननं नाव विचारलं. लटारी पेंदाम, निवृत्त वनरक्षक. त्यानं पडद्यावर बघितलं आणि त्याचा चेहरा मोकळा झाला.

“बाई, गेल्या महिन्यातली यांची सरासरी चौतीस आहे. चौतीस! माझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांची नाहीये. अहो, पेढे वाटा.”

“यायले काल काय जेवले थे आठवत नाई, अन् पेढे कायचे वाटू?”

“वय झालं की विसरायला होतंच थोडं. डॉक्टरांनी तपासलंय ना?”

“दोन खेपा. डॉक्टरकडे जायचं म्हटलं की हे सकाळीच दाढी करून तयार. नवा गाव, नवे माणसं, गाडीत बसून जाणं. त्या दिवसाचं यायले सारं आठवते. डॉक्टर म्हणते, एकदम फस्क्लास. घरी आलो की पुन्हा चार दिवस कोरे.”

“कोरे म्हणजे?”

कौसल्याबाईंनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. कडा मऊ पडलेल्या, वर खाकी कागदाचं कव्हर. यशोधनला ती बघून जरा हसूच आलं. ज्या केंद्रात कागद फक्त डब्याभोवती गुंडाळलेला दिसायचा, तिथे ही वही.

“रोज संध्याकाळी मी यायले इचारलं, आज काय झालं? अन् दुसऱ्या दिवशी सकाळी इचारलं, काल काय झालं? सकाळी जे सांगतलं थे लिवलं. एक दिवस सोडला नाई.”

यशोधननं वही उघडली. तारीख, वार, आणि पुढे गोल, ठसठशीत अक्षरात दोन-तीन शब्द. ‘काल बकरी व्याली ते सांगितले.’ ‘नातवाचा फोन सांगितला.’ त्याखाली ‘निरंक’. त्याखाली ‘निरंक’. मग पुन्हा ‘निरंक’.

निरंक हा सरकारी मराठीतला शब्द. म्हणजे सांगण्यासारखं काही नाही, आकडा शून्य. कौसल्याबाई एकतीस वर्षं उपकेंद्रातून रोज तालुक्याला अहवाल पाठवत आल्या होत्या: तापाचे रुग्ण किती, हगवणीचे किती. एकही नसला तरी अहवाल चुकवायचा नाही. निरंक लिहायचं, सही करायची आणि पाठवायचं.

“काही नाही तर पाठवायचं कशाला?” यशोधननं विचारलं. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

कौसल्याबाई खुर्चीत बसल्या. आतापर्यंत त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं.

“साहेब, माही नोकरी नवी होती. पलीकडच्या उपकेंद्रातून चार दिवस अहवाल नाई आला. तालुक्याले वाटलं, तिथं सारं बरं हाय. पाचव्या दिवशी माणूस गेला तं गावात हगवण पसरली होती अन् सेविका स्वताच पडून होती. सात जण गेले. त्या दिवशी मोठ्या साहेबानं आमाले उभं करून सांगतलं. कोरा कागद म्हणजे आजार नाई, असं नसते. कोरा कागद म्हणजे कोणी मोजलंच नाई.”

यशोधननं मान डोलावली, कारण वडीलधारी बाई बोलत होती. मग तिच्या समाधानासाठी म्हणून त्यानं लटारींच्या गेल्या महिन्याची दिवसवार यादी पडद्यावर लावली. तारखा डावीकडे, आकडे उजवीकडे. एकोणतीस, एक्केचाळीस, छत्तीस, तीस.

“बघा. एकही आकडा पंचविसाच्या खाली नाही.”

कौसल्याबाईंनी चष्मा लावला. पडद्याजवळ गेल्या आणि लहान मुलाला पाढा शिकवताना करतात तसं एकेका ओळीवर बोट ठेवून मोजायला लागल्या. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

“साहेब, तुमच्याकडे महिना अकरा दिवसांचा असते का?”

यशोधन हसायला गेला आणि त्याचं हसणं अर्ध्यातच अडकलं. ओळी अकरा होत्या. महिना तीस दिवसांचा होता. तीन तारखेनंतर एकदम आठ तारीख होती, आणि मधल्या चार दिवसांच्या जागी शून्यदेखील नव्हतं. ते दिवस यादीत आलेच नव्हते.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. ‘दिवसानुसार गट पाड’ असं सांगितलं की संगणक टपाल लावणाऱ्यासारखं काम करतो. पत्र हातात घेतो, तारीख बघतो, त्या तारखेचा खण नसला तर तयार करतो आणि पत्र त्यात टाकतो. शेवटी प्रत्येक खणातली पत्रं मोजतो. पण ज्या तारखेचं एकही पत्र आलं नाही, तिचा खण कोण तयार करणार? कुणीच नाही. रिकामा खण मोजलाच जात नाही, आणि सरासरी काढताना तो हिशेबातही धरला जात नाही. महिन्यातले एकोणीस दिवस मेंदू पूर्ण बंद पडो. उरलेल्या अकरा दिवसांत तो चालला, तर माणूस चौतीसचा.

“मणी काढून ठेवला असेल,” यशोधन म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. “लोक आंघोळीला काढतात, विसरतात. म्हणून तर आम्ही नसलेले दिवस सोडून देतो. मुद्दाम सोडतो.”

“मी काढू देईन का? मीच लावला हाय. मणी हातच्या नाडीवानी चालू हाये की नाई, रोज पाहतो.”

नाडी! यशोधन खुर्चीतून उठलाच. मणी नाडीही मोजतो. तिच्या नोंदी वेगळ्या तक्त्यात जातात आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. त्यानं तो तक्ता उघडला. चार तारीख: नाडी चालू, दिवसभर. पाच तारीख: चालू. सहा, सात: चालू. मणी कानामागे होता, माणूस जिवंत होता, जेवत होता, झोपत होता. आणि ठसा एकही नाही.

“वही घ्या! वाचा, वाचा तुम्ही. चार तारीख?”

“निरंक.”

“पाच?”

“निरंक. सहा, निरंक. सात, निरंक. आठ तारखेले, बोअरवेलवाले आले होते, थे सांगतलं.”

“आठ तारखेला छत्तीस!” यशोधन ओरडला. बाहेरच्या दोन मुली आत डोकावल्या. त्याला आता राहवत नव्हतं. गेली सात वर्षं जे पुन्हा पुन्हा सगळ्या जगाला समजावून सांगितलं ते चुकीचं होतं, याचं दुःख नंतर करता आलं असतं. आता समोर काहीतरी उघडत होतं आणि त्याला त्याच्या आत शिरायचं होतं.

दुरुस्ती चार ओळींची निघाली. आधी कोरी दिनदर्शिका मांडायची, एकही तारीख न गाळता. मग प्रत्येक तारखेपुढे त्या दिवसाचे ठसे चिकटवायचे. जिथे काहीच चिकटलं नाही आणि नाडी मात्र चालू होती, तिथे शून्य लिहायचं. त्या रकान्याला नाव काय द्यावं म्हणून त्याची बोटं क्षणभर थांबली आणि त्यानं टाइप केलं: निरंक.

पडद्यावर तीस ओळी आल्या. अकरा दिवस भरलेले, एकोणीस निरंक. सरासरी चौतीसवरून साडेबारावर आली. वहीतले निरंक आणि पडद्यावरचे निरंक त्यांनी एकेक करून ताडून पाहिले. एकही चुकला नाही.

“बाई,” यशोधन म्हणाला, “तुमची वही आमच्या यंत्राच्या पुढे आहे.”

“थे मले माहीत हाय. आता दाखला देता का?”

“पहिला निरंक कधीचा?”

कौसल्याबाईंनी वहीचं पहिलं पान उघडलं. पडद्यानंही तीच तारीख दिली. चारशे एक्याण्णव दिवसांपूर्वीची. म्हणजे हातात नऊ दिवस. कौसल्याबाईंनी तोंडावर पदर धरला. दोनदा परत पाठवण्यात त्यांचे पावणेदोन महिने गेले होते, आणि हे यशोधनला सांगण्याची गरज नव्हती.

त्यानं खालच्या मजल्यावर डॉ. रझिया काझींना फोन लावला. इंजेक्शनचा शेवटचा शब्द त्यांचा. रझियांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि उत्साहावर पाणी टाकलं.

“यशोधन, रिकामा दिवस म्हणजे आजारच कशावरून? एखादा दिवस इतका रोजच्यासारखा असतो की ठेवण्याजोगं त्यात काही नसतं. किंवा माणसाचं लक्षच नसतं. निरोगी माणसाला मी सुई टोचणार नाही.”

“मग कसं ओळखायचं?”

“ते तू सांग. मोजणारा तू आहेस.”

यशोधन खोलीत फेऱ्या घालायला लागला. कौसल्याबाई त्याच्याकडे बघत होत्या. मग त्या, विचारू की नको अशा आवाजात, म्हणाल्या, “आमी ताप मोजायचो ना, तवा वारावारी पाहायचो. सोमवारीच हगवण वाढली तं समजायचं, रविवारच्या बाजारातलं काही खाल्लं. रोज सारखी असली तं पाणी खराब.”

यशोधन थांबला. मग त्यानं कौसल्याबाईंना चक्क हात जोडले.

आजाराला वार कळत नाही! चाळण बिघडली असेल तर निरंक दिवस सातही वारांना सारखे पडणार. माणसाच्या जगण्याची पद्धत कारण असेल तर ते एखाद्या वाराकडे झुकणार. प्रश्न तोच, फक्त गट तारखेऐवजी वारानुसार. उत्तर यायला डोळ्याची पापणी लवायचाही वेळ लागला नाही. सोमवार अठ्ठावीस, मंगळवार एकतीस, बुधवार सत्तावीस, गुरुवार तीस, शुक्रवार एकोणतीस, शनिवार तीस, रविवार अठ्ठावीस.

“सारखे,” रझिया फोनवर म्हणाल्या. त्यांचा आवाजही आता बदलला होता. “आहेत कुठे पेशंट?”

पेशंट खाली बाकावर होते. केस पाण्यानं चापून बसवलेले, इस्त्रीचा शर्ट. लटारींनी यशोधनला बघून जोहार केला आणि छताकडे मान वर करून म्हणाले, “इमारत नवी झाली वाट्टे.” ती बारा वर्षांची होती आणि ते तिथे तिसऱ्यांदा आले होते. कौसल्याबाई म्हणाल्या, “हो जी, नवीच हाय. चला.” पावणेबारा वाजता इंजेक्शन झालं. लटारींनी सुई टोचताना हूं की चूं केलं नाही. जंगलात अस्वल पाहिलेला माणूस होता.

वर येऊन यशोधननं नवा प्रश्न सगळ्या राज्याला लावला. ऑफिसातले पस्तीस लोक त्याच्या खोलीत, दारात, दाराबाहेर. आकडे आले. ज्यांचे निरंक दिवस सातही वारांना सारखे पडत होते अशी माणसं एकसष्ट हजार. सगळ्यांना केंद्रानं ठणठणीत म्हणून घरी पाठवलेलं. त्यांतल्या चार हजार तीनशे जणांचे पाचशे दिवस अजून भरले नव्हते.

“फोन लावा!” यशोधन ओरडला. “ज्यांचे सगळ्यात कमी दिवस उरलेत ते आधी!”

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. कुणी हिंगोलीला, कुणी वेंगुर्ल्याला, कुणी अक्कलकुव्याला फोन लावत होतं. रझियांनी जिल्ह्याजिल्ह्यांत इंजेक्शनं सोडली. एका म्हाताऱ्याच्या मुलानं फोनवर रडायलाच सुरुवात केली, तर फोन करणारी मुलगीही रडायला लागली आणि तिसऱ्यानं दोघांच्या मधून तारीख पक्की करून घेतली. कौसल्याबाईंना कुणीतरी चहा दिला, कुणी बिस्किटं, कुणी त्यांच्या वहीचे फोटो काढले. “निरंक मावशी” असं त्यांचं नाव तासाभरात पडलंदेखील. त्या यशोधनच्या खोलीत बसून राहिल्या, कारण लटारींना तीन तास झोपवून ठेवलं होतं.

दुपारी यशोधननं दुसरी यादी उघडली, निरंक दिवस असलेल्या सगळ्यांची. सारखे पडोत न पडोत. नुसत्या कुतूहलानं त्यानं केंद्रातल्या कर्मचाऱ्यांची नावं काढली. तीन नावं आली. तिसरं त्याचं होतं.

गुप्ते, यशोधन. निरंक दिवस सहासष्ट. पहिला निरंक चारशे शहाण्णव दिवसांपूर्वी.

बाहेर टाळ्या वाजल्या. चारशेवा फोन लागला होता. यशोधननं मान वर केली नाही. चव्वेचाळीस, चव्वेचाळीस म्हणून ज्याच्या जिवावर तो मिरवत आला होता तो आकडा भरलेल्या दिवसांचाच होता, आणि फोन तर रिकाम्या दिवशी आदलाच आकडा दाखवायचा. पाचशेतले चार दिवस उरले होते.

“काय झालं, साहेब?”

त्यानं पडदा त्यांच्याकडे फिरवला. कौसल्याबाईंनी बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम एकतीस वर्षांची नोकरी आली.

“त्या पहिल्या निरंकाले काय झालं, थे आठवते?”

त्यानं डोळे मिटले. तारीख, महिना. त्याच आठवड्यात तो केंद्राचा मुख्य झाला होता. सोमवारची बैठक आठवत होती, मंगळवारचा हारही. बैठकीच्या आदल्या दिवसाच्या जागी मात्र काहीच नव्हतं.

“नाही आठवत.”

“तुमची वही कोण लिवते?”

कोण लिहिणार? बायको, केतकी, मेट्रो चालवायची; आठवडाभर दोघं एकमेकांना दारातच भेटायची. घरी उरली रेवा, दहा वर्षांची. यशोधननं तिला फोन लावला आणि स्पीकर चालू ठेवला.

“रेवा, मी एक तारीख सांगतो. त्या दिवशी काय झालं होतं, सांगशील? मागच्या वर्षीची आहे, नाही आठवलं तरी चालेल.”

तारीख ऐकताच रेवा ओरडली, “बाबा! त्या दिवशी तू मला सायकल शिकवलीस! अंबाझरीच्या बंधाऱ्यावर! तू म्हणालास, धरलंय मी, धरलंय, आणि मी मागे बघितलं तर तू केवढा लांब! तू सोडून दिलं होतंस, आणि मी एकटीच चालवत होते! विसरलास?”

सायकल त्याला माहीत होती. जिन्याखाली असते, लाल. रेवाला ती येते, हेही माहीत होतं. कुणी शिकवली, याचा विचार त्यानं कधी केला नव्हता.

“बाबा? बोल ना.”

“थांब हं बाळा. फोन ठेवू नकोस.”

त्याच्या डोक्यात एकच होतं: आजार. आपण संपत चाललो. चार दिवस. त्यानं टेबलावरच्या फोनवर रझियांचा नंबर अर्धा फिरवला आणि थांबला, कारण त्या काय विचारतील हे त्याला कळत होतं. मोजणारा तू आहेस. प्रश्न तयारच होता, सकाळीच लिहिलेला. फक्त नाव बदलायचं होतं. सातही आकडे सारखे आले तर खाली जायचं आणि दंड पुढे करायचा.

त्यानं कळ दाबली.

सोमवार शून्य. मंगळवार शून्य. बुधवार शून्य. गुरुवार, शुक्रवार, शनिवार शून्य.

रविवार सहासष्ट.

“आजार नाही!” तो उडालाच. “बाई, आजार नाही! आजाराला वार कळत नाही, इथे सगळे एकाच वारी! मी ठीक आहे!” त्यानं कौसल्याबाईंचे दोन्ही हात धरले. इतका आनंद त्याला मुख्य झाला तेव्हाही झाला नव्हता.

कौसल्याबाई हसल्या नाहीत. त्या पडद्याकडेच बघत होत्या.

“एवढ्या दिवसांत रविवार किती येतात, साहेब?”

“एकाहत्तर.”

“मंग पाच रविवारी तुमाले आठवते. त्या पाचात काय होतं?”

यशोधननं तारखा काढल्या. पाचही रविवारी तो केंद्रात आला होता. दोनदा परिषद होती, तीनदा यंत्रं बंद पडली होती. उरलेले सहासष्ट रविवार तो घरी होता. केतकीची रविवारी पाळी असायची, म्हणून तो दिवस बापलेकीचा. तो घरीच असायचा, हे त्याला ठामपणे सांगता आलं असतं. बंधाऱ्यावरही तो होता. हात सायकलला, डोकं ठशांच्या आकड्यांत. आणि त्या आकड्यांत नवं काही नसल्यामुळे मेंदूनं झोपेत तेही टाकून दिलं.

यावर इंजेक्शन नव्हतं. जे होतं ते निरोगी माणसाला देत नाहीत.

“बाबा, काय निघालं?” फोनमधून रेवाचा आवाज आला. तिनं सगळं ऐकलं होतं. “तुला बरं नाहीये का?”

“नाही गं. ठणठणीत आहे मी.”

“हुश्श! मग माझे बघ ना! माझे वाराचे बघ! सगळ्यात जास्त कधी?”

तिच्या आवाजात इतका उत्साह होता की त्याची बोटं आपोआप चालली. सोमवारी सरासरी एकोणतीस. मंगळवारी तीस. आठवडाभर तीसच्या मागेपुढे. शेवटच्या ओळीवर तो थांबला.

“सांग ना!”

“रविवार,” यशोधन म्हणाला. “त्रेसष्ट.”

“त्रेसष्ट! आई गं! त्रेसष्ट!” फोनमधून धपाधप उड्या मारल्याचा आवाज आला. “वर्गात कुणाचेच नाहीयेत एवढे! मला माहीतच होतं रविवारच असणार! आणि बाबा, बाबा, तुझे? तुझे रविवारचे किती?”

कौसल्याबाईंनी वही पिशवीत टाकली आणि खाली बघायला लागल्या. त्या प्रश्नाच्या उत्तराला सरकारी मराठीत एक शब्द आहे, एकतीस वर्षं त्यांनी तो रोज लिहिला होता. यशोधनला तो आज सकाळीच नीट कळला होता. बाहेर पाचशेव्या फोनच्या टाळ्या पडत होत्या, रेवा पलीकडे वाट बघत होती, आणि तो शब्द त्याच्या तोंडून काही केल्या बाहेर येईना.